सातवी पुंगळी

१

ओरिनला जीवच द्यायचा असता, तर त्याने बाबांचं पिस्तूल हातात घेतलं नसतं. त्या सकाळी मला एवढंच कळत होतं, आणि शेरीफ टॉड बेकवर्थ मला खांद्याला धरून शेडबाहेर काढत होता.

ड्राय फोर्कमध्ये महिन्याच्या पहिल्या शनिवारी नेमबाजी क्लबचा नाश्ता असतो. आम्ही त्याला नुसतं 'टेबल' म्हणतो. प्रत्येकाने आपलं लाडकं पिस्तूल आणायचं, रिकामं करून हिरव्या कापडावर मांडायचं आणि त्याची गोष्ट सांगायची. दर महिन्याला तीच गोष्ट. ऐकणाऱ्यांना ती इतकी पाठ असते की एखादा शब्द चुकला तर ते सॉसेजचा घास तोंडात ठेवूनच दुरुस्त करतात.

माझा भाऊ ओरिन पिस्तुलं दुरुस्त करायचा. क्लबच्या मैदानाला लागूनच त्याची शेड होती. त्या शनिवारी नाश्त्याची वेळ झाली तरी तो आला नाही म्हणून डॉक्टर एमेट बोलवायला गेला, आणि पळत परत आला. ओरिन कामाच्या बाकाशेजारी पडला होता. कानशिलात गोळी, उजव्या हातात बाबांचं पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल. सकाळपासून मैदानावर ठो ठो चालू होतं, त्यामुळे एक बार जास्त झाला हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

बाबांच्या पिस्तुलाची गोष्ट ओरिनने टेबलावर कधी पूर्ण सांगितली नाही. "हे बाबांचं. हे कोणी उडवत नाही," एवढंच म्हणायचा आणि ग्रेव्हीकडे वळायचा. पूर्ण गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. बाबा कोरियाच्या लढाईतून परतले, त्यांचे सात दोस्त परतले नाहीत. बाबांनी गहाणवटीच्या दुकानातून ते पिस्तूल घेतलं, सात काडतुसं विकत आणली आणि चांभाराच्या आरीने प्रत्येकाच्या बुडावर एकेका दोस्ताच्या आडनावाचं पहिलं अक्षर कोरलं. भिंगाशिवाय दिसणार नाही इतकं बारीक. पिस्तुलाच्या मुठीत सरकणाऱ्या मॅगझिनमध्ये सर्वांत वर, म्हणजे पहिलं उडेल असं, झेड. झेड म्हणजे झेलिन्स्की, ज्याने बाबांच्या वाटणीची गोळी खाल्ली. ही सात काडतुसं कधी उडवायची नाहीत, असं बाबांनी मरताना आमच्याकडून वदवून घेतलं होतं. ओरिन चर्चमध्ये जायचा नाही, पण त्या सात काडतुसांना दर नाताळात मऊ फडक्याने पुसायचा.

टॉडने माझ्यासमोर पिस्तूल रिकामं केलं. सहा काडतुसं ट्रेमध्ये ठेवली. सातवं माझ्या भावाच्या डोक्यातून गेलं होतं.

"पुंगळी कुठंय?" मी विचारलं.

"कसली?"

"टॉड, हे पिस्तूल गोळी झाडल्यावर रिकामी पुंगळी बाहेर फेकतं. ती कुठंय?"

"असेल कुठेतरी घरंगळली. तू घरी जा, अडेल."

घरी गेले नाही. त्यांनी ओरिनला नेल्यावर मी गुडघ्यांवर बसून सगळी शेड धुंडाळली. सिमेंटची गुळगुळीत जमीन, एकही भेग नाही. बाकाखाली पाहिलं, डबे हलवले, तेलाची चिंधी झटकली, त्याच्या बुटांत हात घातला. पुंगळी नव्हती.

मेलेला माणूस पुंगळी उचलत नाही.

२

"तू दुःखात आहेस," टॉड म्हणाला.

"मी रागात आहे. दोन्हीत फरक असतो, तुला मी शाळेच्या बसमधून नेत होते तेव्हापासून."

तो हसला नाही. एकतीस वर्षं मी ड्राय फोर्कची बस चालवली. टॉड बेकवर्थ मागच्या बाकावर ओकायचा. आता त्याच्या छातीवर चांदणी आहे आणि त्याच्या कागदावर 'आत्महत्या' लिहिलेलं होतं.

"आम्ही काढलेल्या फोटोंत पुंगळी नाही, मान्य. पण डॉक्टर घाबरून आत-बाहेर करत होता, बुटाला चिकटून गेली असेल. कोर्टात एवढ्याने उभंसुद्धा राहता येत नाही. आणि ओरिनला मारणार कोण? त्याच्याशी कोणाचं वाकडं होतं?"

वाकडं काय होतं ते मला अर्धं ठाऊक होतं. शुक्रवारी संध्याकाळी ओरिनचा फोन आला होता. तो म्हणाला, "उद्या टेबलाला उशीर करू नकोस. एक जण आपली गोष्ट मागे घेणार आहे."

"कोण?"

"त्यालाच सांगू दे. स्वतःहून सांगितलं तर माणसाची थोडी तरी इज्जत राहते. नाही सांगितलं तर मला सांगावं लागेल."

माझा भाऊ असाच होता. समोरच्याला अब्रू वाचवायला एक रात्र दिली, आणि त्या रात्रीने त्याचाच घास घेतला.

त्या सकाळी बाकी सगळे मैदानावर एकमेकांच्या नजरेसमोर होते; शेडच्या बाजूला मोकळे फिरणारे तिघंच. कॉफी करायला डॉक्टर एमेट फेअरचाइल्ड, घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन मार्लिस होल्ट, आणि झेंडा चढवायला रॉयस टिलमन. तिघांच्याही पिस्तुलांच्या गोष्टी मला तोंडपाठ होत्या. त्यांतली एक खोटी होती.

टॉडला मी काडतुसांवरच्या अक्षरांबद्दल सांगितलं नाही. टॉड बायकोला सांगणार, बायको केस कापता कापता गावाला सांगणार. पुंगळीबद्दलही तोंड मिटायला लावलं. "शोधतोयस असं कोणाला कळलं, तर तुझ्या आईला बसमधलं सगळं सांगेन," एवढं पुरलं.

ओरिनला पुरलं त्या दिवशी खूप वारा होता. पाद्री क्षमेबद्दल बोलत होता. मी खड्ड्याकडे बघत मनात म्हणत होते, ज्याने हे केलं त्याला मी सोडणार नाही, आणि देवाने मध्ये पडू नये. तिघंही माझ्या डाव्या हाताला उभे होते. तिघंही रडत होते.

३

डॉक्टर एमेट दातांचा डॉक्टर. त्याचं लाडकं पिस्तूल प्लॅस्टिकच्या मुठीचं, नऊ एमएम, इतकं नवीन की टेबलावर इतरांच्या जुन्या पोलादाशेजारी ते खेळणं वाटायचं. तोच ओरिनजवळ पहिला पोचला होता, म्हणून मी आधी त्याच्याकडे गेले.

"मला तुझ्या अस्वलाची गोष्ट सांग," मी त्याच्या खुर्चीत बसत म्हटलं.

"आत्ता? अडेल, तुझा भाऊ जाऊन आठवडा नाही झाला."

"म्हणूनच. काहीतरी हसायला दे."

त्याने सांगितली. तळ्याकाठी तंबू, तव्यावर बेकन, मागून अस्वल. डॉक्टरने अख्खं मॅगझिन रिकामं केलं. एकही गोळी लागली नाही. अस्वलाने बेकन खाल्लं, तवा चाटला आणि निघून गेलं. "ते पिस्तूल मला का आवडतं सांगू? त्याने मला माझी लायकी दाखवली."

अशी गोष्ट कोणी मागे घेईल का? माणूस शौर्य खोटं सांगतो, फजिती खोटी कशाला सांगेल?

"मग पुंगळ्या शोधल्यास का जंगलात?" मी सहज विचारलं.

"पुंगळ्या? मी कुठे उचलतो? दुकानातून डबा आणायचा, उडवायचा, घरी यायचं. त्यावरून ओरिन मला किती बोलायचा. 'डॉक्टर, तुझ्या मागून झाडू मारायला बायको ठेव.'" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी त्या शेडमध्ये कशालाच हात लावला नाही गं. नाडीसुद्धा बघितली नाही. दात सोडून दुसरं काही बघायची मला भीती वाटते."

मी बाहेर आले आणि गाडीत बसून राहिले, कारण आता मला मारणाऱ्याचा हात दिसायला लागला होता. आमच्यात दोन जातीची माणसं आहेत. एक डॉक्टरसारखी, काडतूस उडवून विसरणारी. दुसरी हाताने काडतूस भरणारी: रिकामी पुंगळी घासायची, त्यात नवी टिकली, नवी बारूद, नवी गोळी बसवायची, पुन्हा उडवायची. त्या वर्षी काडतुसांची टंचाई होती, दुकानांतल्या फळ्या रिकाम्या होत्या, पंचेचाळीसची पुंगळी म्हणजे सोनं. असा माणूस बार विरायच्या आत खाली बघतो आणि उचलून खिशात टाकतो. त्याला विचारलं तर उचलल्याचं आठवतही नाही. जांभई आली की मी तोंडापुढे हात धरते तसंच ते.

मारणाऱ्याने सगळा बनाव नीट रचला. पिस्तूल हातात दिलं, दार लोटलं. आणि जाता जाता त्याच्या हाताने सवयीने पुंगळी उचलली.

हाताने काडतुसं भरणारे दोघंच उरत होते.

४

रॉयस टिलमनच्या पोर्चवर झेंडा, दारात झेंडा, गाडीवर झेंडा. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत तीस वर्षं तोच पुढे चालायचा. गुडघा वाकत नसे, काठी टेकत चालायचा, आणि पोरं त्याला सलाम ठोकायची.

"बस, अडेल. लेमोनेड घे. ओरिन गेला आणि क्लबचा कणाच मोडला बघ."

"तुझ्या पिस्तुलाची गोष्ट ऐकायला आलेय. ओरिनला ती फार आवडायची."

त्याने डोळे मिटून सांगितली. व्हिएतनामची लढाई, दा नांगच्या बाहेर, पाऊस, चिखल. कॅप्टन मांडीवर डोकं ठेवून मरत होता, त्याने कमरेचं पंचेचाळीस काढून रॉयसच्या हातात दिलं, म्हणाला, घरी ने याला. "मी ते घरी आणलं. पण कॅप्टनला आणू शकलो नाही." इथे तो नेहमी थांबतो. आजही थांबला. मलाही नेहमीसारखा हुंदका आला.

"दाखव ना."

"ते... स्प्रिंग गेलीय त्याची. खोलून ठेवलंय."

"ओरिनकडे का नाही दिलंस?"

"द्यायचंच होतं. राहून गेलं."

मी बाटली उघडली तशी झाकण हातातून सुटलं आणि पायरीखाली गेलं. रॉयसने बोलता बोलताच काठीचं रबरी टोक त्यावर दाबलं आणि टोकाच्या फटीत अडकलेलं झाकण वर उचलून माझ्या हातात दिलं. मी आभार मानले.

त्याच्या गॅरेजात फिरतं पिंप होतं, पुंगळ्या घासायचं, आणि एक कॉफीचा डबा. "यंदाचा दुष्काळ बघ," तो डबा हलवत म्हणाला. "एवढाच पंचेचाळीसचा माल उरलाय. पूर्वी बादल्या भरल्या होत्या."

परत येताना मला वाटत होतं, हा नसावा. गुडघा न वाकणारा माणूस जमिनीवरून पुंगळी कशी उचलेल? आणि दर वेळी मला हुंदका आणणारी गोष्ट खोटी कशी असेल? मी एक नाव मनातून पुसलं. उरलेलं नाव मला तसंही आवडत नव्हतं.

५

मार्लिस होल्ट आणि माझा भाऊ कधी काळी एकत्र राहायचे. मग ओरिनने तिला सोडलं, आणि मार्लिसने किराणा दुकानात, घेवड्याच्या डब्यांसमोर, चारचौघांत सांगितलं, "तुला एक दिवस गोळी घालीन." गाव अजून ते वाक्य सांगून हसतं. मला आता हसू येत नव्हतं.

तिची गोष्ट डोंगरी सिंहाची, म्हणजे मेंढ्या उचलणाऱ्या प्यूमाची. मेंढ्या व्यायचे दिवस, सकाळचं धुकं, वाड्यात सिंह शिरलेला. ती गाऊनवरच धावली आणि पंचेचाळीसच्या एका गोळीत त्याला लोळवला. सिंहाची कवटी तिच्या चुलीवर टांगलेली आहे. टेबलावर तिची गोष्ट संपली की सगळे कॉफीचे कप आपटायचे.

मी तिच्या स्वयंपाकघरात उभी होते. कमरेला माझं अडतीसचं रिव्हॉल्व्हर होतं, जे एकतीस वर्षं बसच्या सीटखाली राहिलं आणि एकदाही बाहेर आलं नाही. माझी नजर कवटीवर गेली. कित्येक वर्षं मी ती पाहत होते, पण बघत नव्हते. कवटीतलं भोक बारीक होतं. पंचेचाळीसची गोळी जाड असते. त्या भोकात पेन्सिलसुद्धा गेली नसती.

"ही रायफलची गोळी आहे, मार्लिस."

ती भांडी धूत होती. तिचे हात थांबले.

"तुझी गोष्ट खोटी आहे. ओरिनला कळलं होतं ना?"

"हो."

माझा हात रिव्हॉल्व्हरवर गेला. मी तो अडवला नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला टॉड, कोर्ट, पुरावा यातलं काही नको होतं. तिने वळून पाहिलं. साबणाचे हात तसेच खाली सोडून ती उभी राहिली.

"काढ बाहेर," ती म्हणाली. "पण आधी ऐक. तो सिंह माझ्या नवऱ्याने मारला, आणि तो दारूत मेला, मग मी गोष्ट माझ्या नावावर करून घेतली. त्याच्याकडून मला दुसरं काय मिळालं होतं? हे ओरिनला आम्ही एकत्र होतो तेव्हापासून माहीत. दर शनिवारी मी ती सांगायची आणि तो सर्वांत जोरात कप आपटायचा. तुझा भाऊ मला सोडून गेला, पण त्याने मला कधी उघडं पाडलं नाही."

"त्याने कोणालातरी एक रात्र दिली होती. गोष्ट मागे घ्यायला."

"मग ती गोष्ट अशी असणार की जिच्यामुळे दुसऱ्या कोणाचा तरी अपमान होत होता. सिंहाला काय फरक पडतो, गोळी कोणी घातली?"

मी हात काढून घेतला. तिच्या बोलण्यात दम होता, पण दम खोटं बोलणाऱ्याच्याही बोलण्यात असतो. तिच्या जेवणाच्या टेबलाजवळ बादलीभर पुंगळ्या होत्या, पंचेचाळीसच्या. मी तिथेच ठरवलं. तोंडं पुरे झाली. आता हातांना बोलू द्यायचं.

६

आमच्या क्लबचा रिवाज आहे. सभासद गेला की मैदानावर निरोपाचे बार काढायचे. त्याला विकतचं काडतूस चालत नाही. दोस्तांनी स्वतःच्या पुंगळ्या घेऊन स्वतःच्या हाताने भरायची, आणि पेटी अंत्यदर्शनाच्या फुलांसारखी आणून द्यायची.

"ओरिनला पंचेचाळीस आवडायचं," मी क्लबात सांगितलं. "अख्खं गाव त्याला एकेक बार देणार आहे. मार्लिस, रॉयस, तुम्ही दोघांनी शंभर-शंभर भरा."

"शंभर?" रॉयस म्हणाला. "डब्याचा तळ खरवडावा लागेल."

"ओरिनसाठी खरवड."

एवढं सगळ्यांसमोर म्हटल्यावर तो नाही म्हणू शकत नव्हता. मार्लिसने मान डोलावली. डॉक्टरने विचारलं, "आणि मी?" मी म्हटलं, "तू कॉफी कर."

माझा हिशेब साधा होता. पुंगळी खिशातून घरी गेली असेल. उचलल्याचं आठवत नसेल तर ती फेकलेलीही नसेल. खिसा डब्यात रिकामा झाला असेल, डबा पिंपात, आणि पिंपातून ती इतरांसारखीच चकचकीत होऊन निघाली असेल. घासून मळ जातो, आरीने कोरलेलं जात नाही. आणि ते काडतूस बाबांनी कोरल्यापासून एकदाच उडालं होतं, माझ्या भावाच्या शेडमध्ये.

टॉडला मी निरोपाच्या आदल्या दिवशी गाठलं.

"दोन्ही पेट्या तू स्वतः त्यांच्या घरी जाऊन घे. त्यांच्यासमोर सील कर. मला हातसुद्धा लावू देऊ नकोस. उद्या मैदानावर फोड. आणि तुझ्या ताब्यातली ती सहा काडतुसं बरोबर आण. एक भिंगही."

"काय शोधायचं?"

"आधी सहांची बुडं बघ. काय दिसतं ते तू मला सांगायचंस. मी सांगितलं तर वकील म्हणेल, म्हातारीने शिकवलं."

टॉडने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, "तू कमरेला ते रिव्हॉल्व्हर लावून येणार आहेस का?"

"सगळेच लावून येणार आहेत, टॉड. निरोप आहे."

७

सकाळ स्वच्छ होती. मैदानावर गाव जमलं होतं. क्लबच्या भिंतीवरून काढून आणलेला बाबांचा आणि त्यांच्या सात दोस्तांचा फोटो टेबलावर उभा होता, खाली बाबांच्या अक्षरात नावं. झेंडा अर्ध्यावर होता आणि रॉयस त्याच्याखाली सलाम करून उभा होता.

टॉडने सहा काडतुसं भिंगाखाली धरली. एकेकाला वेळ लावला. मग फोटोकडे बघितलं, नावं वाचली, आणि त्याचा चेहरा बदलला. "सहा अक्षरं आहेत," तो हळू म्हणाला. "एक नाव राहतं."

"कुठलं?"

"झेलिन्स्की."

कोणाला काही कळत नव्हतं. मला दोन चेहरे दिसत होते आणि दोन्ही कोरे होते. टॉडने मार्लिसची पेटी फोडली. एकेक काडतूस उलटं करून बघायला लागला. लोक कुजबुजत होते. डॉक्टर कॉफीची किटली घेऊन तसाच उभा होता. शंभर संपली. टॉडने नकारार्थी मान हलवली.

मार्लिस माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली.

त्याने रॉयसची पेटी फोडली. अर्धीसुद्धा झाली नव्हती तेव्हा त्याचा हात थांबला. त्याने भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. मग ते काडतूस चिमटीत धरून वर केलं. चकचकीत, नवीन गोळी बसवलेलं, उन्हात पिवळं.

"झेड," टॉड म्हणाला.

"काय झेड?" रॉयसने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. आपल्याच हाताने आपल्याला पकडून दिलंय हे त्या क्षणापर्यंत त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याला ते कळताना मला बघायचं होतं. म्हणून मीच सांगितलं. सावकाश, सगळ्यांसमोर. सात दोस्त, सात काडतुसं, न उडवायचा शब्द, आणि सिमेंटच्या जमिनीवर नसलेली पुंगळी.

"माझा गुडघा वाकत नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे. मी कशी उचलणार?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्याच्यावर ठपका अजून कोणी ठेवला नव्हता. मला त्याच्या पोर्चवरचं लेमोनेडचं झाकण आठवलं, आणि मी एक काडतूस उचलून त्याच्या पायापाशी टाकलं. ते घरंगळलं. रॉयस बघत होता माझ्याकडे, पण त्याच्या काठीने आपणहून खाली जाऊन रबरी टोक त्यावर दाबलं आणि ते वर उचललं. काडतूस टोकाच्या फटीत अडकून आमच्या दोघांच्या मध्ये लटकत राहिलं. सगळ्या मैदानाने ते बघितलं.

तो झेंड्याच्या खांबाला टेकून खाली बसला.

टॉडचे लोक रॉयसच्या गॅरेजातून त्याचं ते खोललेलं पिस्तूल घेऊन आले. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, पोटात एक छोटंसं बटण असतं, पिस्तूल पडलं तर गोळी सुटू नये म्हणून. हे बटण त्या बनावटीत दा नांगनंतर पुष्कळ वर्षांनी आलं. कॅप्टन मेला असेल तर हे पिस्तूल जन्माला यायच्या कितीतरी आधी. रॉयस टिलमन लढाईत गेलाच नव्हता. त्या वर्षी तो नेब्रास्कात ट्रॅक्टरचे टायर विकत होता. इतकी वर्षं त्याने पिस्तूल स्वतःच साफ केलं, कोणाला खोलू दिलं नाही. मग बोटं आखडली, स्प्रिंग गेली, आणि नाइलाजाने त्याने ते ओरिनला दिलं, 'आत बघू नकोस' असं सांगून. ओरिनने बघितलं.

"त्याला एवढं काय लागलं होतं?" रॉयस रडत म्हणाला. "कोणाचं काय बिघडत होतं?"

"मिरवणुकीत खऱ्या लढाईतून आलेला हॅन्क डोनेली एका पायावर तुझ्या मागून चालायचा," मार्लिस म्हणाली. "त्याचं बिघडत होतं."

रॉयस माझ्याकडे बघून म्हणाला, "त्या सकाळी मी विनवत होतो, अजून एक महिना दे. त्याने तुझ्या बाबांचं पिस्तूल माझ्या हातात दिलं. म्हणाला, 'याची गोष्ट मी कधी सांगितली नाही, रॉयस. खरी असली की सांगावी लागत नाही.' आणि पाठ वळवून माझ्या पिस्तुलाच्या मुठीचे स्क्रू बसवायला लागला. मॅगझिन शेजारीच होतं."

पाठ वळवून. माझ्या भावाने भरवशाने पाठ वळवली.

माझं रिव्हॉल्व्हर हातात होतं. कधी आलं ते कळलं नाही. लोक बाजूला झाले. टॉड म्हणाला, "अडेल," आणि बसमधल्या पोरासारखा घाबरला. मार्लिस पुढे आली नाही, ओरडली नाही. ती फक्त माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"याने नको," ती म्हणाली. "हे बसचं आहे."

मी ते खाली केलं. तिने सांगितलं म्हणून नाही. ती जे म्हणाली त्यातून मला दुसरं काही सुचलं म्हणून.

त्याच्या वकिलाने रागाच्या भरात झालं असं मांडलं, आणि कायद्याने रॉयस टिलमनला बारा वर्षं दिली. मार्लिस दर रविवारी माझ्याकडे जेवते. टेबलावर ती आता सांगते की सिंह नवऱ्याने मारला, आणि आम्ही पूर्वीपेक्षा जोरात कप आपटतो. हॅन्क झेंडा धरतो.

खटला संपल्यावर, अपील संपल्यावर टॉडने सगळं परत आणून दिलं. पिस्तूल, सहा काडतुसं, आणि सातवं. "हे नको असेल तर मी टाकून देतो," तो म्हणाला. मी हात पुढे केला.

बाबांच्या मॅगझिनमध्ये आता पुन्हा सात आहेत. सहा उडवायची नाहीत, मी शब्द दिलाय. सातव्याचा शब्द रॉयसने मोडला, आणि मोडल्यावर त्यात नवी बारूद आणि नवी गोळी त्यानेच भरली, ओरिनच्या निरोपासाठी, स्वतःच्या हाताने. नाताळात मी सगळी मऊ फडक्याने पुसते आणि ते एक सर्वांत वर ठेवते.

तो सुटेल तेव्हा मी चौऱ्याहत्तरची असेन. सुटलेल्या कैद्याला पिस्तूल बाळगता येत नाही, असा कायदा आहे. माझ्यासाठी तसा कायदा नाही. ओरिनचा निरोप अजून राहिलाय.